पहाटेचे फाटक बंद करू नका : तलावाच्या व्यवस्थापनास खुले पत्र

प्रति,
माननीय आयुक्त आणि तलाव सुशोभीकरण समितीचे सर्व सदस्य यांस,

विषय : तलावावरील प्रवेशाच्या नव्या वेळा, कॅमेऱ्यावरील निर्बंध आणि काठाचे काँक्रीटीकरण.

महोदय,

महिन्यापूर्वी तलावाच्या पूर्वेकडील फाटकावर एक नवा फलक लागला. काठ यापुढे सकाळी ८ ते सायंकाळी ६ एवढ्याच वेळेत खुला राहील, लेन्स बदलता येणारा कॅमेरा किंवा ट्रायपॉड आत न्यायचा असल्यास सात दिवस आधी लेखी अर्ज करून दिवसागणिक शुल्क भरावे लागेल, आणि मोबाइलवर छायाचित्रे काढण्यास मात्र कोणतीही आडकाठी नसेल, असे त्यावर लिहिले आहे. त्याच आठवड्यात उत्तर काठावर सरळ उभ्या भिंतीचे काम सुरू झाले. या दोन्ही गोष्टींबद्दल मी आपल्या कार्यालयात रीतसर अर्ज दिला होता. त्याची पोच मिळाली, उत्तर आले नाही. म्हणून तोच मजकूर, थोडा विस्ताराने, आता सर्वांसमोर मांडत आहे.

या प्रश्नात माझा संबंध काय, हे आधी सांगायला हवे. छायाचित्रण हा माझा व्यवसाय नाही. गेली अकरा वर्षे, आजारपण आणि मुसळधार पावसाचे दिवस सोडले तर, बहुतेक प्रत्येक रविवारी मी सूर्योदयाच्या अर्धा तास आधी या तलावावर पोहोचत आलो आहे. सुरुवातीला एकटा होतो, पुढे चारपाच जण जोडले गेले. सांडव्याजवळ एक सपाट कातळ आहे. त्यावर ट्रायपॉड एकाच जागी, एकाच उंचीवर उभा करून, ३५ मिलिमीटरच्या त्याच लेन्सने समोरच्या काठाचे एक छायाचित्र घ्यायचे आणि मगच इतरत्र हिंडायचे, हा नियम मी पहिल्याच वर्षी स्वतःला घालून घेतला होता. त्यामागे काही मोठा विचार होता असे म्हणणे खोटेपणाचे ठरेल. कॅमेरा नवा होता आणि एकच दृश्य वेगवेगळ्या उजेडात कसे दिसते ते मला शिकायचे होते. पण सवय टिकली, आणि आज त्या एका कातळावरून घेतलेली साडेचारशेहून अधिक छायाचित्रे माझ्याकडे आहेत, प्रत्येकावर तारीख आणि वेळ नोंदलेली.

ती एकामागून एक पाहिली की शहर डोळ्यांसमोर वाढते. पहिल्या वर्षी समोरच्या काठामागे टेकडीची अखंड रेघ आणि एक पाण्याची टाकी एवढेच दिसते. मग एक क्रेन येते, मग तीन, मग टाकी इमारतीमागे जाते आणि अखेरीस टेकडीही. मी या वाढीचा विरोधक नाही, हे इथेच स्पष्ट करतो. आज मी ज्या इमारतीत राहतो ती माझ्या पहिल्या दोन वर्षांच्या छायाचित्रांत नाही. त्या जागी झुडपे दिसतात. शिवाय खरे सांगायचे तर सूर्य उगवताना काचेच्या उंच इमारतीचे प्रतिबिंब निवांत पाण्यावर पडते तेव्हा आम्हा सर्वांचे कॅमेरे आधी तिकडेच वळतात. शहराने तलावाला गाठले याबद्दल माझी तक्रार नाही. गाठल्यानंतर त्याच्याकडे कसे पाहावे, हे आपण कोणालाही न विचारता ठरवलेत, ही तक्रार आहे.

पहिला आणि माझ्या दृष्टीने सर्वांत गंभीर आक्षेप वेळेबद्दल आहे. सकाळी ८ वाजता फाटक उघडल्याने छायाचित्रकारांचा कोवळा उजेड जाईल, एवढेच नुकसान असते तर मी हे पत्र लिहिले नसते. तलावाचे खरे आजारपण पहाटे दिसते आणि ऊन चढले की ते झाकले जाते, हे आपल्या समितीला कोणीतरी सांगायला हवे होते. पाण्यातले शेवाळ दिवसा सूर्यप्रकाशात प्राणवायू तयार करते. रात्री ते आणि तळाच्या गाळातले जिवाणू तोच प्राणवायू वापरत राहतात. त्यामुळे पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूचे प्रमाण सूर्योदयाच्या सुमारास सर्वांत कमी असते आणि दुपारनंतर सर्वांत जास्त. शेवाळ जितके दाट, तितका हा चढउतार मोठा. त्यात पाणी तापलेले असेल तर मुळातच कमी प्राणवायू मावतो : २० अंश सेल्सिअस तापमानाच्या गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साडेसातच्या आसपास. हेच प्रमाण २ मिलिग्रॅमच्या खाली गेले की बहुतेक माशांचा जीव कासावीस होतो आणि ते पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडतात.

हे दृश्य गेल्या तीन उन्हाळ्यांत आम्ही वारंवार पाहिले आहे. सांडव्याच्या कोपऱ्यात, धुके अजून पाण्यावर असताना, शेकडो लहान तोंडे वरच्या थराशी हलत असतात. दुरून पाहणाऱ्याला हलका पाऊस पडतो आहे असे वाटावे. मेलेले मासे साफसफाईची गाडी आठच्या आधीच उचलून नेते. पाण्याचा नमुना घ्यायला येणारे कर्मचारी आम्हाला कधी भेटले असतील तर ते अकराच्या पुढेच. तोवर शेवाळाने भरपूर प्राणवायू सोडलेला असतो, अहवालात आकडा उत्तम येतो आणि तलाव निरोगी ठरतो. कर्मचाऱ्यांचा यात दोष नाही. त्यांना जी वेळ दिली त्या वेळी ते येतात. पण तपासणी अकराला आणि नागरिकांना प्रवेश आठला, अशी व्यवस्था झाली की पहाटेच्या तलावाला साक्षीदारच उरत नाही. हा हेतू आपला नसेलही. परिणाम तोच आहे.

दुसरा आक्षेप कॅमेऱ्यावरील निर्बंधाचा. या नियमामागचे कारण मला ठाऊक आहे आणि ते पूर्णपणे खोटे नाही. व्यावसायिक चित्रीकरणासाठी येणारे काही गट पायवाट अडवतात, दिवे आणि पडदे लावतात, जाताना कचरा टाकून जातात. आमच्यासारख्या हौशी लोकांचाही इतिहास स्वच्छ नाही. घरट्याचे चित्र मोकळे दिसावे म्हणून फांद्या बाजूला करणारे, पक्षी जवळ यावा म्हणून त्याच्याच आवाजाचे ध्वनिमुद्रण वाजवणारे, लव्हाळ्यात घुसून ते तुडवणारे लोक मी पाहिले आहेत, आणि पहिल्या वर्षी एकदा मी स्वतःही टिबुकलीच्या तरंगत्या घरट्याच्या इतका जवळ गेलो होतो की ती अंड्यांवर पाणवनस्पती ओढून पाण्यात निघून गेली आणि मी तिथून हलेपर्यंत परतली नाही. त्या चित्राची मला आजही लाज वाटते. ते मी कोणाला दाखवलेले नाही.

म्हणूनच नियम असू नयेत असे मी म्हणत नाही. पण आपला नियम नेमका उलट्या बाजूला लागतो. मोबाइलची लेन्स रुंद कोनाची असते. तिने पक्षी टिपायचा तर माणसाला त्याच्या अगदी जवळ जावे लागते. ४०० मिलिमीटरची लेन्स असलेला माणूस तोच पक्षी पायवाटेवर उभा राहून टिपतो. जो दूर उभा राहू शकतो त्याला आपण फाटकाबाहेर ठेवले आणि ज्याला जवळ जाण्यावाचून गत्यंतर नाही त्याला आत सोडले. नियम उपकरणावर बेतण्याऐवजी वागणुकीवर बेतला असता, म्हणजे घरट्यांपासून किती अंतर ठेवावे, फ्लॅश आणि ध्वनिमुद्रण वापरू नये, पायवाट सोडू नये असे लिहिले असते, तर त्या फलकाखाली मी आनंदाने सही केली असती.

आणि सात दिवस आधी अर्ज! पाण्यावर धुके कधी उतरेल, नाल्यातून फेस कधी येईल, मासे कोणत्या पहाटे वर येतील, हे सात दिवस आधी सांगता येत असते तर कॅमेरा घेऊन जाण्याची गरजच काय होती?

छायाचित्र म्हणजे केवळ शोभेची वस्तू, अशी समजूत या नियमामागे असावी. तसे असेल तर एक उदाहरण द्यावेसे वाटते. १९७३ साली कॅनडातील ऑन्टारियो प्रांताच्या वायव्य भागात डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २२६ क्रमांकाच्या एका लहान तलावाचे प्लॅस्टिकच्या पडद्याने दोन भाग केले. दोन्ही भागांत कार्बन आणि नायट्रोजन टाकले. फॉस्फरस मात्र एकाच भागात टाकला. तो भाग शेवाळाने हिरवागार झाला, दुसरा गडद आणि नितळ राहिला. तलाव कशाने सडतो याबद्दल त्या काळी मोठा वाद चालला होता, आणि शोधनिबंधांतल्या तक्त्यांपेक्षा विमानातून घेतलेल्या त्या एका छायाचित्राने तो सामान्य माणसांना आणि कायदे करणाऱ्यांना अधिक लवकर समजला. पुढे कपडे धुण्याच्या भुकटीतील फॉस्फेटवर जी बंधने आली, त्यांत त्या चित्राचा वाटा होता. अमेरिकेतील ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानात हिमनद्यांची जुनी छायाचित्रे जिथून घेतली होती त्याच जागी उभे राहून नवी घेण्याचा सरकारी प्रकल्प १९९७ पासून हाती घेतला गेला. माझा कातळ फार लहान आहे, पण पद्धत तीच आहे.

त्या कातळावरून आम्ही आणखी एक गोष्ट करत आलो आहोत. पोलरायझर नावाचे एक फिरवता येणारे फिल्टर असते. पाण्याच्या पृष्ठभागाशी सुमारे ३७ अंशांचा कोन करून पाहिले आणि ते योग्य तऱ्हेने फिरवले, तर पाण्यावरची चकाकी जवळजवळ नाहीशी होते आणि खालचे दिसू लागते. पहिल्या तीन वर्षांच्या अशा चित्रांत सांडव्याजवळच्या पाण्यात पाणवनस्पतींच्या लांब फिती आणि तळाचे गोटे स्पष्ट दिसतात. सहाव्या वर्षी गोटे जातात. आठव्या वर्षापासून फिल्टर कसेही फिरवा, हिरव्या रंगापलीकडे काही नाही. वायव्येकडून येणाऱ्या नाल्यावरची वस्ती याच काळात वाढली आणि त्या नाल्याच्या तोंडाशी पहाटे फेसाचे गोळे तरंगू लागले, हेही छायाचित्रांत तारखेसह आहे. मैलापाणी कुठून किती येते ते मोजणे माझ्या आवाक्यातले नाही. ते आपले काम आहे, आणि सुशोभीकरणाच्या आराखड्याच्या सारांशात, जो फाटकाशेजारी लावला आहे, त्या नाल्याचा उल्लेखही नाही. कारंज्याचा मात्र आहे.

तिसरा आक्षेप उत्तर काठावरच्या भिंतीला. तलावाचा काठ उताराचा असतो तेव्हा जमीन आणि पाणी यांच्या मध्ये गुडघाभर पाण्याचा एक पट्टा तयार होतो. लव्हाळे आणि पाणकणीस तिथेच वाढतात, वाहून आलेला गाळ तिथेच अडतो, मासे तिथेच अंडी घालतात आणि बगळे तिथेच उभे राहू शकतात, कारण त्यांचे पाय तेवढेच लांब आहेत. उभ्या भिंतीने हा पट्टा नाहीसा होतो. लाटा उतारावर विरतात. भिंतीवर आपटून त्या परत फिरतात आणि तळाचा गाळ ढवळतात. पाण्यात उतरलेले पिल्लू किंवा बेडूक पुन्हा वर चढू शकत नाही. सुरक्षिततेचा मुद्दा आपण पुढे करता म्हणून विचारतो : तोल जाऊन पडलेले मूल उताराच्या काठावर घोटाभर पाण्यात उभे राहील की भिंतीखालच्या खोल पाण्यात? भिंतीचा जेवढा भाग झाला आहे तेवढ्या भागात गेल्या चार रविवारी आम्हाला एकही ढोकरी, म्हणजे काठाशी उभा राहणारा लहान बगळा, दिसली नाही. चार रविवार म्हणजे पुरावा नव्हे, याची मला कल्पना आहे. पुरावा व्हायला काही वर्षे लागतील आणि त्यासाठी फाटक उघडे लागेल.

दिव्यांबद्दल थोडक्यात. भिंतीवर बसवलेले निळसर पांढरे झगमगीत दिवे रात्रभर जळतात आणि त्यांचा झोत पाण्यावर पडतो. शेवाळ खाणारे डॅफ्नियासारखे सूक्ष्म जीव दिवसा माशांच्या भीतीने खोल राहतात आणि अंधार पडल्यावर वर येऊन चरतात. शहरी उजेडाने त्यांचे हे वर येणे कमी होते, असे तलावांतील प्रत्यक्ष प्रयोगांत आढळले आहे. म्हणजे एका हाताने शेवाळाला खत आणि दुसऱ्या हाताने त्याला खाणाऱ्यांना मज्जाव. पिवळसर उजेडाचे, वरून झाकलेले, फक्त पायवाटेवर पडणारे आणि ठरावीक वेळेनंतर मंद होणारे दिवे बाजारात मिळतात. यावर अधिक लिहिण्याची गरज नाही.

तलाव सुधारणे शहराच्या आवाक्याबाहेरचे आहे, असे कोणी म्हणेल म्हणून सांगतो. सिएटल शहराला लागून असलेल्या वॉशिंग्टन तलावात आजूबाजूच्या वस्त्यांचे प्रक्रिया केलेले मैलापाणी सोडले जात होते. १९५५ साली तिथे त्रासदायक शेवाळाची चाहूल शास्त्रज्ञांना लागली, १९५८ साली मतदारांनी खर्चाचा भार स्वीकारून सांडपाण्याच्या एकत्रित व्यवस्थेला कौल दिला, आणि १९६३ ते १९६८ या काळात ते पाणी टप्प्याटप्प्याने तलावापासून वळवण्यात आले. साठच्या दशकात उन्हाळ्यात नितळता मोजण्यासाठी पाण्यात सोडलेली पांढरी तबकडी जेमतेम मीटरभर खोलीपर्यंत दिसत असे. पाणी वळवल्यानंतर काही वर्षांतच ती कितीतरी खोल दिसू लागली. तिथे आधी नळ वळवले गेले, आणि लोकांना त्यासाठी पैसे मोजायला सांगताना तलावाची अवस्था उघड सांगितली गेली. आपल्याकडे क्रम उलटा लागला आहे.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत. काठ सूर्योदयाच्या एक तास आधीपासून पायी येणाऱ्यांसाठी खुला करावा. रखवालदाराची अडचण असेल तर निदान पूर्वेचे एकच फाटक उघडावे. व्यावसायिक चित्रीकरणासाठी परवाना आणि शुल्क अवश्य ठेवावे, परंतु वैयक्तिक छायाचित्रणाला, कॅमेरा कोणताही असो, त्यातून वगळावे आणि त्याऐवजी वागणुकीचे नियम लावावेत. ते लिहून देण्यास आम्ही तयार आहोत. भिंतीचे पुढचे काम थांबवून आराखडा पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध करावा आणि उरलेला काठ उताराचाच ठेवावा. नाल्याच्या तोंडाशी आणि सांडव्याजवळ पाण्याची तपासणी महिन्यातून किमान एकदा सूर्योदयाच्या वेळी व्हावी आणि तिचे आकडे, वेळेसह, फाटकावर लावावेत. जिथे आज नवे नियम लावले आहेत त्याच फलकावर जागा पुरेशी आहे.

आणखी एक विनंती, मागणी नव्हे. काठावर तीनचार ठिकाणी कॅमेरा किंवा मोबाइल ठेवता येईल असे साधे दगडी खांब बसवावेत, म्हणजे येणारा कोणीही एकाच जागेवरून, एकाच दिशेला छायाचित्र घेऊ शकेल. खर्च किरकोळ आहे. पहिला खांब सांडव्याजवळच्या कातळाशेजारी बसवावा, म्हणजे मागची अकरा वर्षे वाया जाणार नाहीत. माझ्याकडची सर्व छायाचित्रे, मूळ नोंदींसह, मी आपल्याला विनामूल्य देण्यास तयार आहे. त्यांतली काही माझ्या स्वतःच्या इमारतीच्या बांधकामाचीही आहेत आणि तिचे सांडपाणी कुठे जाते, हे तपासले गेले तरी माझी हरकत नाही.

येत्या रविवारी आम्ही पाच जण नेहमीप्रमाणे सूर्योदयाच्या अर्धा तास आधी पूर्वेच्या फाटकावर येऊ. नियम मोडून आत शिरण्याचा आमचा विचार नाही. आम्ही बाहेरच उभे राहू. समितीपैकी कोणी एकाने किल्ली आणि प्राणवायू मोजण्याचे यंत्र घेऊन यावे. सांडव्यापर्यंत चालत जायला दहा मिनिटे लागतात.

आपला,
या शहरातील एक रहिवासी